अण्णांची सेन रॅले: दोन पुरांतून निघालेली सायकल घरीच उभी करतोय, सल्ला हवाय

गावभागकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. आमच्याकडं आजोबांची (आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो) एक सेन रॅले आहे, काळी, २४ इंची फ्रेम, रॉड ब्रेक, फुल चेनकव्हर. अण्णा कसबे डिग्रजच्या शाळेत मास्तर होते, रोज सकाळी सांगलीच्या गावभागातनं निघून आयर्विन पूल ओलांडायचा आणि सांगलीवाडीवरनं पुढं, रिटायर होईपर्यंत ह्याच सायकलवर. ते गेल्यावर सायकल परसाकडच्या पडवीत भिंतीला टांगली ती टांगलीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आम्ही माणसं, कागदपत्रं, देव आणि तांदळाचं पोतं एवढंच माडीवर नेलं, सायकल कुणाच्या लक्षातच आली नाही. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढता काढता जीव गेला, तिच्यावर दोन बादल्या पाणी मारलं आणि परत टांगली. २०२१ ला पुन्हा तेच.

आता वडील रिटायर झालेत आणि मागच्या महिन्यात एकदम म्हणाले की अण्णांची सायकल भंगारात घालायची नाही, चालती करायची. मी वायरमन आहे, पाने-पक्कड हातात असतात पण सायकल कधी खोललेली नाही. सध्याची अवस्था अशी: चाकं फिरत नाहीत, पॅडल जागचं हलत नाही, सीटचं चामडं वाळून पापडासारखं वर आलंय, क्रोमवर सगळीकडं गंज, रंगावर गाळाचा थर बसलाय त्यामुळं खाली रंग आहे का नाही तेच कळत नाही. एका ओळखीच्यानं सांगितलं फ्रेम सँडब्लास्ट करून पावडर कोटिंग मारून घे, नवी दिसेल. करू का? आणि सुरुवात कुठनं करायची?

कृष्णाकाठचा_कऱ्हाड

लई भारी दादा, पहिलं म्हंजे विकू नकोस. पावडर कोटिंगचं म्हणशील तर मी मारून घे म्हणेन. आमच्या चुलत्यांच्या हर्क्युलसला केलं, आठ वर्षं झाली, उसाच्या शेतातनं जाती येती, कुठं टवका न्हाय. पुराचं पाणी प्यालेल्या लोखंडाला जुना रंग काय धरून ठेवणार? गंज आतनं खात येतो, वरचं सगळं काढून टाकलं तरच लोखंड वाचंल.

सायकलकाका_शाहूपुरी

गावभागकर, थांब. मी साताऱ्यात गेली वीस वर्षं जुन्या सायकली घरच्या अंगणात खोलतोय जोडतोय, माझं ऐक. रंगाचा निर्णय सगळ्यात शेवटी घ्यायचा. आत्ता तुला खाली काय आहे तेच माहीत नाही. आधी पूस. बादलीभर कोमट पाणी, भांड्याचा साबण दोन थेंब, जुन्या बनियनचा तुकडा, आणि एका वेळी वीतभर जागा. पाण्याचा फवारा मारायचा नाही, घासणी लावायची नाही, आणि थिनरची बाटली तर घरातच ठेवू नकोस, थिनरनं रंगाच्या आधी अक्षरं जातात. रॅलेच्या घराण्यातल्या सायकलींवर नळ्यांना जी सोनेरी रेघ असते ती रंगाच्या वर ओढलेली असते, जोरात घासलं की कपड्याबरोबर येते. एकदा गेली की गेली.

पावडर कोटिंग वाईट नाही, कऱ्हाडकरांच्या शेतातल्या सायकलीला ते योग्यच आहे. पण त्यासाठी आधी वाळूचा मारा करून सगळं उडवतात. रेघ, कंपनीचं नाव, सगळं. मग जाड थर बसतो, तो बीबीच्या (पॅडलचा एक्सल बसतो ती आडवी नळी) आट्यांत आणि हँडलच्या वाट्या बसतात तिथंही बसतो, नीट झाकलं नसेल तर नंतर तासत बसावं लागतं. सीटखाली ठोकलेला फ्रेम नंबर बुजल्यासारखा होतो. रंग नंतर कधीही मारता येतो. काढलेला मात्र परत आणता येत नाही.

आणि पुढच्या नळीवरचा पितळी बॅज आहे का? असेल तर फोटो टाक.

गावभागकर

काका आहे, बॅज आहे. काळा पडलाय पण वाचता येतोय. मला वाटायचं रॅले म्हणजे इंग्लंडची, मग हे सेन काय?

सायकलकाका_शाहूपुरी

रॅले मूळ नॉटिंगहॅमची. तिथल्या रॅले स्ट्रीटवरच्या छोट्या कारखान्यावरनं नाव पडलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. स्वातंत्र्यानंतर बाहेरून येणाऱ्या सायकलींवर बंधनं आली तेव्हा इंग्लिश कंपन्यांनी इथल्या लोकांशी हातमिळवणी केली. रॅलेनं बंगालमधल्या सेन यांच्याबरोबर आसनसोलला कारखाना काढला ती सेन रॅले. हर्क्युलसचं तसंच, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स. मुंबईत वरळीला हिंद सायकल होती, ती मात्र आपल्याच लोकांची. सेन रॅलेचं १९८० मध्ये सरकारनं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढं ती बंद पडली. तेव्हा तुझी सायकल आसनसोलची आहे, आणि आपल्याकडच्या मास्तर, तलाठी, पोस्टमन मंडळींनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या सायकलींपैकी आहे. त्या काळात लोक सायकल जपायचे कशी ते तुझ्या वडिलांना विचार.

हरिपूर_संगम

दादा, मी पण सांगलीचीच, आमच्याकडं आईची लेडीज हंबर आहे, ती पण पुरातलीच. धाग्यावर बसून राहते. क्रोमचा गंज कशानं काढणार ते लिहा हं.

मिरज_तारा

चाकं टाकू नका एवढंच सांगायला आलो. रिम नवी आणली की जुन्या हबला आरे परत भरावे लागतात आणि पुढं ३२ मागं ४० आऱ्यांचा तो जुना इंग्लिश हिशोब आहे, जुनी रिम गंजून भोकं पडली नसतील तर तीच वापरा. आऱ्यांबद्दल वेळ आली की लिहितो, ते माझ्या आवडीचं काम आहे.

गावभागकर (पंधरा दिवसांनी)

उशीर झाला, कामं होती. काकांनी सांगितलं तसं पुसलं. रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर, वीतभर वीतभर. चौथ्या दिवशी आडव्या दांडीवर रेघ लागली. दोन रेघा आहेत, एक जाड एक बारीक, सोनेरी, काही ठिकाणी तुटलेल्या पण आहेत. मी बायकोला हाक मारून दाखवली.

आणि अजून एक. तिरक्या नळीवर, हँडलपासून हातभर खाली, दोन्ही बाजूंना रंग घासून गेलाय, अंड्याएवढ्या जागा, तिथं लोखंड दिसतं आणि कडेनं रंग अगदी पातळ होत गेलाय. मला वाटलं काहीतरी बांधलेलं असेल. वडिलांना विचारलं तर ते खाली बसले, बोट लावून बघितलं आणि म्हणाले, माझ्या टाचा लागायच्या इथं. दांडीला टॉवेल गुंडाळून अण्णा त्यांना पुढं बसवून शाळेत न्यायचे, पहिली ते चौथी. पाय लोंबकळायचे आणि टाचा नळीला लागायच्या.

तेव्हा पावडर कोटिंगचा विषय माझ्या बाजूनं संपला.

मागच्या मडगार्डच्या वरच्या स्क्रूला नगरपालिकेचा बिल्ला पण निघाला, पितळी, नंबर पुसट दिसतो. वडील म्हणाले सायकलचा कर भरला की हा मिळायचा आणि नसला तर पोलीस हवा सोडायचे.

आता अडचण. कॉटर पिन, म्हणजे पॅडलचा दांडा (क्रँक) एक्सलला पक्का धरणारी पाचर. नट काढलं आणि हातोडा मारला, पिन हलली नाही, वरचे आटेच चेपले. आता नट पण परत बसत नाही.

सायकलकाका_शाहूपुरी

टाचांच्या खुणांचं वाचून बरं वाटलं रे. त्या जागांवर लोखंड उघडं आहे ना, तिथं मऊ कपड्यानं गंज पुसून पातळसं मेण लाव, गाडीच्या पॉलिशचं चालतं, दर पावसाळ्याआधी परत लाव. रंग भरू नकोस.

कॉटरचं काळजी करू नकोस, माझ्या हातून पण सुरुवातीला दोन-तीन अशाच गेल्यात. हातोडा मारताना सगळा मार बीबीच्या छर्ऱ्यांवर आणि वाटीवर जातो, पिनीला फार थोडा लागतो. म्हणून पिन ठोकायची नाही, दाबायची. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंनी रॉकेल नाहीतर गंजाचं स्प्रे सोड. मग एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडनं जाड सी क्लॅम्प आण, पिनीच्या मोठ्या डोक्याच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूला ती बाहेर येणार तिथं, गॉटी (नट खोलायच्या पान्याचा पोकळ सॉकेट) ठेव म्हणजे पिनीला निघायला पोकळी मिळेल, आणि दुसऱ्या बाजूनं आट्यांच्या टोकावर क्लॅम्प आवळ. ताण बसला की तसंच ठेवून क्रँकच्या डोळ्यावर, म्हणजे एक्सलभोवतीच्या भागावर, बाजूनं हलके टोले दे. नाहीच आली तर क्रँकचा डोळा हेअर ड्रायरनं नाहीतर छोट्या गॅस टॉर्चनं तापव, पण टॉर्च लावण्याआधी रॉकेल पूर्ण पुसून वाळू दे आणि रंग जवळ असेल तर ओला कपडा गुंडाळ.

नवी पिन सायकलच्या दुकानात स्वस्तात मिळते, तेव्हा जुनी गेली तरी हरकत नाही. क्रँक आणि एक्सल जपायचा.

कृष्णाकाठचा_कऱ्हाड

टाचांचं वाचलं. माझं पावडर कोटिंगचं म्हणणं मागं घेतो दादा. आमच्या सायकलीवर असलं काय होतं का ते आता बघायला बी मिळणार न्हाय, चुलत्यांना इचारायला पायजे होतं.

एक सांगतो, गंजाला आमच्याकडं काकवी वापरत्यात. गुऱ्हाळावरची स्वस्तातली काकवी, नाहीतर खराब झालेला काळा गूळ, एक भाग आणि पाणी नऊ भाग, प्लास्टिकच्या पिंपात. गंजलेले नट, पॅडल, चेन, स्टँड बुडवून ठेव आठ ते पंधरा दिवस. वास मारंल, फेस येईल, घाबरू नकोस. बाहेर काढून ब्रशनं धुतलं की गंज चिखलासारखा जातो आणि चांगल्या लोखंडाला काय होत न्हाय. फक्त ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा असलेलं काय बी टाकू नकोस, त्याला खातं. आणि धुतल्यावर लगेच वाळवून तेल लाव, न्हायतर तासाभरात परत लाल पडतं.

हरिपूर_संगम

काकवी! आमच्याकडं आत्तापर्यंत फक्त भाकरीबरोबर. मी ऑक्झॅलिक ॲसिडबद्दल वाचलंय, ते कुणी वापरलंय का?

सायकलकाका_शाहूपुरी

ताई, मी क्रोमच्या वस्तूंना तेच वापरतो. एक लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम पुरे. हँडल, ब्रेकचे रॉड, रिम बुडवायच्या, चार तासांनी बघायचं, फार तर रात्रभर. क्रोमला धक्का लागत नाही, गंजाचे लाल ठिपके विरघळतात. बाहेर काढलं की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं नाहीतर पिवळी पावडर बसते, ती नंतर निघता निघत नाही. पण हे विष आहे, पोटात जाता कामा नये आणि त्याची पूड नाकात जाता कामा नये. हातात रबरी मोजे, काम अंगणात, बादली परत कधीच घरात वापरायची नाही, आणि लहान मुलं किंवा गाई-कुत्री जाणार नाहीत अशा जागी झाकून. जस्ताचे आरे त्यात टाकले तर काळपट पडतात, म्हणून रिम बुडवायची असेल तर आरे काढलेले बरे.

थोडासाच गंज असेल तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉईल चुरगाळून पाण्यात बुडवून घासा. फॉईल क्रोमपेक्षा मऊ असते, ओरखडा पडत नाही. पॉलिश पेपर मात्र क्रोमला लावू नका, कुठलाच नंबर नको.

गावभागकर

निघाली. डावी आठव्या दिवशी निघाली, क्लॅम्प आवळून दोन टोले दिले आणि टक असा आवाज आला, मला वाटलं क्लॅम्पच तुटला. बघतो तर पिन गॉटीत. उजवीला टॉर्च लावावा लागला. पिनीचा जो चपटा भाग एक्सलला टेकतो तो अजून चकचकीत होता, वरून एवढा गंज आणि आत जिथं लोखंडाला लोखंड घट्ट बसलंय तिथं पाणी शिरलंच नाही.

मग बीबी खोलली. उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते हे वडिलांना माहीत होतं म्हणून वाचलो, मी उलटीच आवळत बसलो असतो. डाव्या पॅडलला पण उलटे आटे. वाटी सुटली आणि फ्रेममधनं मूठभर गाळ खाली पडला, कोरडा, पिठासारखा बारीक, राखाडी, आणि त्यात नखाएवढी गोगलगाय, रिकामी. कृष्णेचा गाळ दोन्ही पुरांपासून नळीत बसलेला. सगळ्या नळ्या उलट्या करून झटकल्या, सायकल पंपानं हवा मारली, परत परत निघतच होता.

आता प्रश्न: नळ्यांच्या आतला गंज कसा थांबवायचा? कऱ्हाडकरांचं म्हणणं बरोबर होतं, आतनंच खात असणार.

मिरज_तारा

जवसाचं तेल. पण खाण्यातलं नको, ते वाळायला फार दिवस लावतं. रंगाच्या दुकानात बॉईल्ड लिनसीड मिळतं ते. फ्रेम आधी दोन दिवस उन्हात तापू दे म्हणजे आत ओल राहणार नाही. मग सीटच्या नळीतून आणि हँडलच्या नळीतून थोडं थोडं ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, उभी आडवी उलटी, आणि जास्तीचं बीबीच्या भोकातनं गाळून घ्यायचं. आतमध्ये पातळ साय धरते आणि हवा-पाणी अडतं.

एक फार महत्त्वाचं. हे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि ढीग असेल तर आपोआप पेट घेतो, खरंच घेतो. चिंध्या एक एक करून दोरीवर वाळत घाला नाहीतर पाण्यात बुडवा.

सायकलकाका_शाहूपुरी

मिरजकर शंभर टक्के. आणि गावभागकर, बीबीच्या वाट्या फेकू नकोस, झिजल्या नसतील तर त्याच बसव. नॉटिंगहॅमच्या रॅलेला बीबीचे आटे इंचाला २६ असतात, बाकी बहुतेक सायकलींना २४. तुझी मोजून बघ. २६ निघाले तर बाजारातली वाटी दोन फेरे जाते आणि अडकते, मग माणूस जोर लावतो आणि फ्रेमचे आटे जातात.

छर्रे मात्र सगळे नवे घे. बीबीला दोन सुती, म्हणजे पाव इंची, दोन्हीकडं अकरा-अकरा. मागच्या हबला दोन सुतीच, नऊ-नऊ. पुढच्या हबला दीड सुती, दहा-दहा. हँडलला सव्वा सुती, ते मात्र जुने किती होते ते मोजूनच घे. वाटीत ग्रीस भर, छर्रे एक एक ग्रीसमध्ये चिकटव, शेवटी साधारण एका छर्ऱ्याएवढी जागा रिकामी राहिली पाहिजे. जास्तीचा एक कोंबायचा मोह होतो, कोंबू नकोस. नवे जुने मिसळू नकोस, जुना झिजून लहान झालेला असतो मग सगळा भार नव्यांवर येतो.

कॉटर परत बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेनं, एकीचं नट वर तर दुसरीचं खाली. एकाच बाजूनं बसवल्या तर पॅडल सरळ रेषेत येत नाहीत, पाय लंगडतो. आणि वीस-तीस किलोमीटर चालवल्यावर नट परत आवळ, पिन बसत जाते.

हरिपूर_संगम

काका, हे सूत-दीडसूत ऐकून वडिलांच्या वर्कशॉपची आठवण झाली. आता दुकानात सुतात मागितलं की नवी पोरं बघत राहतात.

सीटचं काय करताय दादा? आमच्या हंबरची पण गेलीय.

गावभागकर

सीट नाही वाचली ताई. चामडं इतकं आखडलंय की बसलं की तडकणार, तेल लावून बघितलं पण मधोमध चीर गेलीय. कोल्हापूरला चपला करणाऱ्या एका मामांना सांगाडा नेऊन दाखवला. त्यांनी जाड चामडं पाण्यात भिजवून सांगाड्यावर ताणून दोऱ्यानं बांधलं, सावलीत वाळवलं, मग कापून तांब्याच्या रिबिटा मारल्या. म्हणाले पहिले दोन महिने टणक लागेल, मग तुझ्या बैठकीचं होईल, भिजू देऊ नकोस आणि लगेच नाक आवळून ताण देऊ नकोस. स्प्रिंगा आणि सांगाडा अण्णांचाच आहे. जुनं चामडं वडिलांनी कपाटात ठेवलंय.

मिरज_तारा

आता चाकं. रिमचा आऊट (वाकडेपणा) काढायला बसाल तेव्हा आधी प्रत्येक निपलवर (आऱ्याच्या रिमकडच्या टोकाचं नट) आतनं-बाहेरनं तेलाचा थेंब सोडा आणि रात्रभर थांबा, गंजलेलं निपल तसंच फिरवलं तर आरा तुटतो. मग स्टँड नसला तरी चालतं, सायकल उलटी करा, चिमट्याला खडू बांधा आणि चाक फिरवा, जिथं खडू लागतो तिथं रिम बाहेर आलीय. त्या बाजूचे आरे ढिले, समोरच्या बाजूचे घट्ट, पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी नाही.

आणि कान वापरा. आमचं मिरजेत घर आहे, गल्लीत तंतुवाद्यांची दुकानं, लहानपणापासून तंबोरे जुळताना ऐकतोय, त्यामुळं मला आरा छेडल्याशिवाय चाक कळतच नाही. नखानं आरा छेडा. ढिला आरा खाली बोलतो, ताणलेला वर. पण मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचे आरे मुळातच जास्त ताणलेले असतात, कारण फ्रीव्हीलला जागा द्यायला रिम हबच्या मधोमध नसते, एका अंगाला असते. म्हणून उजव्या बाजूचा आवाज उजव्याशीच जुळवा, डाव्याचा डाव्याशी. सगळे अगदी एका सुरात नाही येणार, येऊही नयेत, रिम सरळ असणं पहिलं. पण एखादा आरा नुसता बद्द वाजला तर तो काही भार घेत नाहीये.

गावभागकर

मिरजकर, दोन संध्याकाळी वडील आणि मी आरे छेडत बसलो. वडिलांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मागचं चाक जमलं. पुढच्याला एका जागी वाटाण्याएवढी उडी आहे, रिमच दबलीय तिथं.

टायर २८ × १½, गणपती पेठेतल्या पहिल्याच दुकानात मिळाले, मला वाटलं होतं शोधावे लागतील. काळ्या सायकली अजून बनतात त्यामुळं टायर, ट्यूब, ब्रेकचे गुटके, चेन, कॉटर सगळं मिळतं. टायर, ट्यूब, छर्रे, ग्रीस, ॲसिड, गुटके, सीटचं काम, सगळं मिळून २,५०० च्या आत बसलं. कऱ्हाडकर, तुमच्या काकवीत पॅडल आणि स्टँड बारा दिवस होते, स्टँडवर कंपनीचं नाव निघालं जे आम्हाला माहीतच नव्हतं. वासाचं मात्र आईला सांगितलं नव्हतं, ते चुकलं.

कृष्णाकाठचा_कऱ्हाड

वा! पाणी फेकून देऊ नकोस, अजून दोन खेपा चालतं.

सायकलकाका_शाहूपुरी

ब्रेक नीट लाव हं. रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला, हबकडच्या बाजूला दाबतात, बाजूंना नाही. दोन्ही गुटके एकाच वेळी टेकले पाहिजेत, नाहीतर रिम एका बाजूला ओढली जाते. उडी आहे त्या जागी गुटका दर फेऱ्याला धक्का देणार. आणि वडिलांना सांग, क्रोमची रिम ओली झाली की हा ब्रेक अर्धा पण लागत नाही, पावसात लांबूनच दाबायला लागायचं. आमच्याकडं यवतेश्वरच्या उतारावर पावसात रॉड ब्रेकची सायकल मी कुणालाच नेऊ देत नाही.

हरिपूर_संगम

दादा शेवटी फोटो टाका, सगळ्यात आधी टाचांच्या खुणांचा. मी पण आईच्या हंबरचं चेनकव्हर कालपासून पुसायला घेतलंय. आईला विचारलं तुझ्या कुठं काही खुणा आहेत का, तर म्हणाली कॅरिअरवर बघ, तिथं दप्तराचा पट्टा बांधायची.

गावभागकर

फोटो टाकलेत. काल पहाटे सहाला बाहेर काढली. वडील म्हणाले आधी मी. बासष्ट वर्षांचे आहेत, मी मागनं मोटरसायकलवर. दोन पावलं पळत डावा पाय पॅडलवर आणि मागनं उजवा पाय टाकून बसले, अगदी अण्णांसारखं, मला त्यांना असं चढता येतं हे ठाऊक नव्हतं. आयर्विन पुलावर धुकं होतं, खाली नदी शांत. फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज येत होता, दुसरा कसला खडखडाट नाही. सांगलीवाडीतनं पुढं थेट डिग्रजच्या शाळेपर्यंत गेले, फाटकापाशी उतरले, सायकल स्टँडवर लावली आणि थोडा वेळ नुसते उभे राहिले. मी काही बोललो नाही. येताना मी चालवली.

घरी आल्यावर काकांनी सांगितल्याप्रमाणं कॉटर बघितल्या, डावीचं नट अजून पाव फेरा बसलं, उजवीचं हललं नाही. मागचा ब्रेक उत्तम. पुढचा त्या उडीपाशी अजून टक टक करतो, रिम ठोकून बसवता येते का कुणी केलंय का? मिरजकर, रविवारी सकाळी घरी असाल तर पुढचं चाक घेऊन येतो, वडील पण येतो म्हणालेत, त्यांना आरे ऐकायचेत तुमच्याकडं.

मिरज_तारा

या की. नऊ वाजता या, चहा इथंच घ्या. रिमची दबलेली जागा आधी खडूनं खूण करून ठेवा, आणि टायर काढून आणा, लाकडाचा ठोकळा माझ्याकडं आहे.